अकरा चाळीसचा कॉल

ग्रंथालय दहाला उघडतं आणि घड्याळजी साडेनऊपासून पायरीवर येऊन उभा होता. छातीशी टॅब धरलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन शर्ट आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट. ग्रंथालयाच्या बाई कुलूप काढायला आल्या आणि त्याच्याकडे तोंड करून, सावकाश ओठ हलवत म्हणाल्या, "काका, आज इतक्या सकाळी?" एरवी त्याने खिशातली वही काढून काहीतरी खोडसाळ लिहून दिलं असतं. आज वही खिशातून बाहेरच आली नाही. काहीतरी बिनसलंय हे बाईंना चार वर्षांच्या ओळखीवर कळलं, आणि त्या बाजूला झाल्या.

घड्याळजीला ऐकू येत नाही. अडीच वर्षांचा असताना ताप आला, आणि जाताना कान घेऊन गेला. बोलणं धड फुटायच्या आत ऐकणं गेलं, त्यामुळे बोलणंही राहिलंच. लोकांचे ओठ तो बऱ्यापैकी वाचतो, अक्षर मोत्यासारखं काढतो, आणि सगळ्या बाजारात कुणाकडून सुरू न होणारं घड्याळ त्याच्या टेबलावर चालू होतं. टिकटिक ऐकू न येणारा माणूस घड्याळं कशी दुरुस्त करतो, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. तो ते घड्याळ हलकेच दातांत धरतो, डोळे मिटतो, आणि आतलं कुठलं चाक अडखळतंय ते वहीत लिहून दाखवतो. एकदा एका शिष्ट गिऱ्हाईकाने नाक मुरडलं आणि म्हणाला, घड्याळ पुसून द्या. याने लिहून दिलं, "दात घासलेत." अशा स्वभावाचा माणूस.

पण त्या मंगळवारी सकाळी त्याच्या अंगात विनोद औषधालाही उरला नव्हता. कारण ताई.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. भावाला ऐकू येत नाही हे घरात सगळ्यात आधी तिला कळलं, आणि मोठी माणसं रडत बसली होती तेव्हा या साडेसात वर्षांच्या पोरीने कामाला सुरुवात केली. तिने हातांच्या खुणा बनवल्या. आधी एक, मग दोन, मग पन्नास. कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तक नव्हतं, शाळा नव्हती. तिच्या डोक्यातून निघायचं आणि त्याच्या हातात जायचं. मोठेपणी त्या खुणांतून दोघं भांडायची, चहाड्या करायची, लोकांच्या समोर बसून त्यांचीच टिंगल करायची. चौदाव्या वर्षी त्याला घड्याळाच्या दुकानात तिनेच नेऊन उभं केलं. मालक म्हणाला, याच्याशी बोलायचं कसं? ताई म्हणाली, तुम्ही काम दाखवा, बोलायचं मी बघते. आणि सहा महिने रोज संध्याकाळी ती दुकानात येऊन उभी राहिली.

पुढे तिचं लग्न झालं, सासर लांब, चौदा तासांचा प्रवास. नवऱ्याला तिने खुणा शिकवायचा चंग बांधला होता. त्या भल्या माणसाला आयुष्यभरात एकच खूण नीट आली, 'जेवायला चल'. मेव्हणा बिचारा शेवटपर्यंत तेवढंच बोलत आला, पण मनापासून बोलला. मुलगी झाली ती ऐकती-बोलती, बडबडी. मामा दोन वर्षांतून एकदा यायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, वहीत चित्रं काढून द्यायचा. खुणा शिकायच्या राहूनच गेल्या. पन्नाशीत घड्याळजी एकदा बहिऱ्यांच्या मंडळात जाऊन आला. तिथल्या लोकांचे हात असे सपासप चालत होते, की हा परदेशी पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून परत आला. त्यांची भाषा निराळी, याची निराळी. याची भाषा बोलणारी माणसं जगात दोनच होती. एक तो आणि एक ताई.

भाचीने गेल्या वर्षी हा टॅब पाठवला तेव्हापासून रोज दुपारी चारला तो दुकान अर्धा तास बंद करायचा, समोरच्या ग्रंथालयात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा, आणि पडद्यावर ताई यायची. घरी त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं आणि बोलायला दुसरं कुणी नव्हतं, मग घेऊन करायचं काय? वाचनालयात शांतता राखा अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली बसून ही दोघं तासाच्या गप्पा अर्ध्या तासात हाणायची. बाई गमतीने म्हणायच्या, माझ्याकडचा सगळ्यात बडबड्या सभासद हाच.

सोमवारी चारला पडद्यावर ताई आली नाही. भाची आली. डोळे सुजलेले, हातात कागदांचा गठ्ठा. ती एकेक कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरत होती आणि तो वाचत होता. आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झालीय. वाचा गेली. उजवी बाजू गेली. लिहिता येत नाही, पेन दिलं तर फेकून देते. उद्या बाराला ऑपरेशन ठरलंय. पुढचा कागद घड्याळजीने दोनदा वाचला. 'डाव्या हाताने सारखं काहीतरी करते. अंगठा ओठाला लावते, पाणी दिलं की ढकलते. माझं मनगट धरते, सोडत नाही. डॉक्टरांना वाटतं ती ऑपरेशनला नको म्हणतेय. मलाही तसंच वाटतं. मामा, मी सही करू की नको? ती काय म्हणते ते फक्त तुला कळेल.'

अतिदक्षता विभागाचे नियम कडक होते. आत कुणाचा फोन न्यायचा नाही. नर्स दवाखान्याचा टॅब खाटेपाशी आणणार आणि आधी नोंदवलेल्या एकाच खात्यावर कॉल लावणार, अकरा चाळीसला. दहा मिनिटं. मग ताईला खाली नेणार. भाचीने मामाचं खातं नोंदवून टाकलं होतं. खात्याचा पासवर्ड टॅब पाठवताना तिनेच कधीतरी घातलेला, तिलाही आता आठवत नव्हता. म्हणजे हा टॅब, आणि हाच टॅब.

प्रवास करून पोचायची सोय नव्हती. गाडी दिवसाला एकच, रात्री नऊची, सोमवारची गच्च भरलेली. मंगळवारचं तिकीट घेऊन तो घरी गेला आणि खिडकीशी बसून उजाडायची वाट बघत राहिला. सकाळी दुकानात जाऊन त्याने एक उद्योग केला. तो कुठला, ते पुढे येईलच; सध्या एवढंच, की तो उद्योग करताना त्याला बरं वाटत होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्याने टॅब उघडला. ग्रंथालयाच्या वाय-फायचं नाव आलं. बोट लावलं. 'जोडलं' असं दिसलं. आता नेहमीप्रमाणे ते पान यायला हवं, ज्यात सभासद क्रमांक घातला की काम झालं. पान आलं, पण पांढरं फटक. मध्ये एकच ओळ: हे पान सुरक्षित नाही.

त्याने पुन्हा बोट लावलं. पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मानेवर घाम आला.

बाई आल्या. त्यांनी वाय-फाय बंद करून चालू केलं. टॅब बंद करून चालू केला. जुनं नेटवर्क विसरायला लावलं आणि नव्याने जोडलं. पांढरं पान जागचं हललं नाही. बाईंनी स्वतःचा फोन काढून जोडून पाहिला. तो क्षणात लागला. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटरही चालू. वाचनालयात दिवसभर वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा होते, ज्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळायचं. ते चष्मा कपाळावर चढवून आले. "राऊटर तापला असणार. पंख्याखाली ठेवा."

बाईंनी राऊटर पंख्याखाली नाही ठेवला, पण बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. त्या पाच मिनिटांत वाचनालयातल्या सगळ्यांनी माना वर केल्या, कुरकुर केली, दोन विद्यार्थी उठून बाहेर गेले. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ते घड्याळ त्यानेच दुरुस्त केलेलं. दहा बेचाळीस. राऊटरचा हिरवा दिवा लागला, सगळ्यांचं सुरू झालं, याचं पान पांढरंच.

"टॅब गेला," आजोबांनी निकाल दिला. "नवा घ्या."

घड्याळजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की आजोबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

"माझ्या फोनवरून लावू का?" बाईंनी विचारलं. त्याने भराभर लिहून सगळी हकिकत दिली: ताई, ऑपरेशन, अकरा चाळीस, हेच खातं. वाचता वाचता बाईंचा चेहरा बदलला. वर्षभर त्यांनी या माणसाला कोपऱ्यात हातवारे करून हसताना पाहिलं होतं, आणि पडद्यावरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईला ओळखत होत्या. एकदा तर तिने पलीकडून यांना हात हलवून दाखवला होता. त्यांनी तडक दवाखान्याला फोन लावला. फोन बराच वेळ वाजला, मग कुणीतरी उचलला, मग बाजूला ठेवून विचारायला गेलं. बाई फोन कानाला लावून उभ्या आणि घड्याळजी त्यांच्या ओठांवर डोळे लावून. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"तुमची भाची फोन बाहेर ठेवून आत गेलीय, आणि आत निरोप देता येत नाही म्हणतात. कॉल ठरल्या वेळी लागेल, उचलला नाही तर पेशंटला घेऊन जातील. खातं बदलायचं तर ज्याचं खातं त्याने स्वतः येऊन फॉर्म भरायचा." मग स्वतःशीच म्हटल्यासारख्या पुटपुटल्या, "मेल्यांनो, चौदा तासांवरून येणार कुठून?"

अकरा वाजून पाच.

घड्याळजीला आता भीती वाटू लागली. ताईचा डावा हात हवेत फिरतोय, आणि समोर उभ्या असलेल्या दहा शिकल्यासवरलेल्या माणसांतल्या एकालाही त्यातलं अक्षर कळत नाहीये, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. लोकांच्या गर्दीत एकट्याने बोलत राहणं काय असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? ते आज ताईच्या वाट्याला आलं होतं. आणि ती नको म्हणत असेल तर? भाची सही करेल, ताईला तिच्या मनाविरुद्ध नेतील, आणि ती टेबलावरच गेली तर शेवटचं बोललेलं कुणी ऐकलंच नाही, असं होईल.

बाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. "बसस्टँडवर जा. तिथे फुकटचं वाय-फाय आहे, तिकिटाचा नंबर घातला की चालतं. तुमच्याकडे तिकीट आहे ना? पळा."

तो पळाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात टॅब, खांद्याला पिशवी, भर बाजारातून. मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा त्याला ऐकू येत नव्हत्या आणि आज तो नेहमीसारखं दर दहा पावलांनी मागे वळूनही पाहत नव्हता. चांभाराने हाक मारली ती वाया गेली. एका सायकलवाल्याने त्याला शेवटच्या क्षणी चुकवलं आणि जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. तेही वायाच गेलं, म्हणजे कधीकधी ऐकू न येण्यात फायदाही असतो.

बसस्टँडवर पोचला तेव्हा अकरा सतरा. बाकावर बसून त्याने नाव शोधलं, जोडलं, पान आलं.

पांढरं फटक. हे पान सुरक्षित नाही.

चौकशीच्या खिडकीत एक मिशाळ माणूस होता. मिशा अशा दाट की खालचा ओठ दिसेना, मग वाचायचं काय? घड्याळजीने वहीचा कागद काचेखालून आत सरकवला: 'वाय-फाय लागत नाही. फार तातडीचं आहे.' मिशाळाने कागद वाचला, आपला फोन उचलून पाहिला, आणि त्याच कागदावर खाली लिहून परत सरकवलं: 'इथे सगळ्यांचं चालू आहे. तुमचंच बिघडलंय.'

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. एकतर दुःखाच्या दिवशी असला कोरडा शब्द, आणि वर 'बिघडलंय', त्याच्या धंद्यातला शब्द, त्यालाच. त्याच्या मनात आलं, टॅब घ्यावा आणि या काचेवर आपटावा. त्याने टॅब उचललाही. मग बाकावर येऊन बसला आणि दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. रागावलेल्या हाताने चिमटा धरायचा नाही, हे त्याला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं.

आणि मग, पहिल्यांदाच त्या दिवशी, तो घड्याळजीसारखा विचार करायला लागला.

मिशाळाचं म्हणणं खरं होतं. दोन घरांच्या भिंतींवर टांगून एकच घड्याळ बंद पडत असेल तर दोष भिंतीचा कसा असेल? ग्रंथालय निराळं, बसस्टँड निराळा, पांढरं पान एकच. म्हणजे दोष याच्यातच. काल चारला टॅब धड होता, आज दहाला नाही. मधल्या वेळात पडला? नाही. पाणी लागलं? नाही. कुणी हात लावला? मीच लावला. कशाला?

त्याने मान वर केली. समोर भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा विजेचा मोठा फलक होता. वरच्या ओळीत लाल अक्षरांत: मंगळवार, ११ तारीख, ११:३१. त्याने खाली मांडीवरच्या टॅबकडे पाहिलं. ११:३१. मिनिट बरोबर. ११ तारीख. तारीख बरोबर. आणि तारखेच्या आधी, बारीक अक्षरांत: शनि.

शनिवार?

वार आणि तारीख दोन्ही दाखवणारी मनगटी घड्याळं त्याने हजारांनी उघडली होती. त्यात वाराची चकती वेगळी आणि तारखेची वेगळी. माणसं एक फिरवतात आणि दुसरी विसरतात. पण टॅबमध्ये वार वेगळा फिरवता येत नाही. तो तारखेवरून आपोआप येतो. तारीख बरोबर आणि वार चूक, असं होईलच कसं? वर्ष चुकलं असेल तरच.

आणि त्याला आठवलं. सकाळचा उद्योग!

सकाळी आठला दुकानात बसून वेळ जात नव्हता तेव्हा त्याने टॅब आपल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाशी लावून पाहिला होता. टॅब एका मिनिटाने मागे दिसला. मागे टॅब होता की लंबक पुढे, हे देव जाणे. पण याच्या लंबकाला कुणी नावं ठेवलेली याला चालत नाहीत. आज अकरा चाळीसला एक मिनिटाची चूक चालणार नव्हती. म्हणून त्याने टॅबची आपोआप लागणारी वेळ बंद केली आणि हाताने लावायला घेतली. हात कामाला लागले, तशी छातीतली धडधड थोडी उतरली, तसा तो आणखी रमला. तारीख दाखवणारं कुठलंही घड्याळ गिऱ्हाइकाला परत देण्याआधी त्याची एक परीक्षा तो घेतोच: फेब्रुवारीच्या शेवटावर नेऊन उलटताना बघायचं. टॅबलाही त्याने पुढच्या लीप वर्षातल्या अठ्ठावीस फेब्रुवारीला, रात्री अकरा एकोणसाठवर नेऊन ठेवलं आणि साठ सेकंद डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एकोणतीस आली! शाबास रे पठ्ठ्या, असं त्याला झालं. मग त्याने महिना परत आणला, तारीख परत आणली, तास, मिनिट, सगळं लंबकाशी जुळवलं. वर्ष परत आणलं नाही. चाळीस वर्षं घड्याळं लावणारा हात तो; घड्याळात वर्ष असतं कुठे?

टॅब तीन वर्षं पुढे जाऊन बसला होता.

वर्षाचा आणि वाय-फायचा काय संबंध, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे बाईंनी सांगितलं, की इंटरनेटवरचं प्रत्येक पान उघडताना आपलं ओळखपत्र दाखवतं, त्यावर मुदत लिहिलेली असते, आणि तीन वर्षं पुढे उभ्या असलेल्या टॅबला सगळ्यांचीच मुदत संपलेली दिसली. तेव्हा त्याला इतकंच माहीत होतं, की चूक दिसली की आधी ती काढायची, मग पुढचं बघायचं.

त्याने वर्ष मागे आणलं. आपोआप वेळ चालू केली. शनीचा मंगळ झाला. वाय-फायवर बोट लावलं, आणि पान उघडलं. निळं, धडधडीत, तिकीट क्रमांक विचारणारं. त्याने तिकीट काढलं, आकडे टाकले, घाईत एक चुकला, पुन्हा टाकले. 'आपले स्वागत आहे.'

अकरा एकोणचाळीस.

अकरा चाळीस. काही नाही. एक्केचाळीस. बेचाळीस. लागून गेला की काय? पान पांढरं होतं तेव्हाच तर लावला नसेल? त्रेचाळीस झाले आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेवढ्यात मांडीवरचा टॅब थरथरला. नर्सचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजीने मागे पडलेल्या घड्याळाचे पाय धरले.

पडद्यावर भाचीचा चेहरा आला, मग नर्सने टॅब वळवला आणि ताई दिसली. डोक्यावरचे केस काढलेले. तोंड एका बाजूला ओघळलेलं. त्याने ते सगळं पाहिलं आणि मग पाहिलं ते त्याला सहन झालं नाही. तिचा डावा हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधून ठेवला होता.

तो बाकावरून उभाच राहिला. कॉलच्या खाली अक्षरं लिहायची जागा होती, तिथे त्याने लिहिलं: 'हात सोडा.'

नर्स वाकून बोलली, ओठ स्पष्ट दिसले. "त्या नळी ओढतील. सकाळपासून मुलीला ओढतायत."

'ओढत नाही. बोलतेय. तोंड बांधलंय तुम्ही तिचं. आधी सोडा!'

भाचीने वाचलं, आणि नर्स काही म्हणायच्या आत पट्टीची गाठ सोडली. हात सुटला. तो हात आधी वर आला आणि त्याने स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. हे घड्याळजीचं नाव. साडेसात वर्षांच्या पोरीने ठेवलेलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि बसस्टँडवरची माणसं बघतायत याची त्याला फिकीर नव्हती. 'ताई, मी आलो,' त्याने हातांनी सांगितलं. 'काय होतंय? काय हवंय?'

ताईने अंगठा ओठाला लावला. पाणी. मग पंजा आपल्याकडे ओढला. ये. मग पंजा बाहेर ढकलला. जा. मग दोन बोटं कपाळावर. दुखतंय.

'डोकं दुखतंय? पाणी हवंय? कुणाला जा म्हणतेस, डॉक्टरला?'

ताईने हात झटकला. 'तू गप रे!' लहानपणी शंभरदा पाहिलेलं. मग तिने त्याच्याकडून नजर काढली, भाचीचं मनगट पकडलं, तिचा अंगठा ओढून सरळ केला आणि तिच्या, भाचीच्याच, ओठाला टेकवला. पाणी. मग तिचा पंजा तिच्याच छातीकडे ओढला. ये. मग बाहेर ढकलला. जा.

आणि घड्याळजीला कळलं.

पाणी, ये, जा, दुखतंय. पाचवी आता येईल ती 'कुत्रा', दात दाखवून. ताईने त्याला खुणा शिकवल्या होत्या त्या याच क्रमाने, ओट्याशेजारी फरशीवर बसून. ती पाणी मागत नव्हती. ऑपरेशन नको म्हणत नव्हती. दोन दिवस ती स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मी गेले तर माझ्या भावाशी कोण बोलेल, ही एकच चिंता घेऊन ती बाई अर्ध्या अंगाने मुलीची शिकवणी घेत होती, आणि मुलगी तिला पाणी पाजत होती.

त्याची बोटं अक्षरांवरून घसरत होती. कसंबसं लिहिलं: 'ती तुला शिकवतेय. माझी भाषा. तुला येऊ दे म्हणून. मी एकटा पडू नये म्हणून.'

भाचीने वाचलं. मग तोंड वेडंवाकडं करून रडत तिने हात उचलला आणि ओठाला लावला. अख्खी मूठ लावली. ताईने तिच्या हातावर सणसणीत चापट मारली आणि अंगठा बाहेर काढून दाखवला. भाचीने अंगठा काढला. पाणी. ताईची मान हलली. पुढे. ये. बरोबर. जा. बरोबर. कपाळावर दोन बोटं. ताईने दात दाखवले, अर्ध्याच तोंडाने, भाचीनेही रडता रडता दाखवले, आणि नर्सलासुद्धा हसू फुटलं.

दारात डॉक्टर येऊन उभे राहिले होते. "वेळ झाली. त्यांचा नकार आहे का? विचारा त्यांना."

भाचीने ते लिहून पडद्यासमोर धरलं. घड्याळजीने ताईला विचारलं. लपवलं काही नाही. 'डोकं उघडणार आहेत. कदाचित परत यायची नाहीस. जायचं का?'

ताईचा हात बराच वेळ चालला. दमून दोनदा खाली पडला, पुन्हा वर आला. घड्याळजीने सगळं पाहून घेतलं आणि जसंच्या तसं लिहिलं: 'जायचं म्हणते. म्हणते, पोरीला आत्ता कुठे पाच आल्यात. बाकीच्या कोण शिकवणार, हा? याला आयुष्यात कुणाला काही शिकवता आलंय का? लवकर कापा आणि लवकर परत आणा.'

भाचीने सही केली. खाट हलली. ताईने जाताना कानाची पाळी धरली, एवढंच, आणि मग चाकं दाराबाहेर गेली.

खोलीत रिकामी जागा आणि नर्सच्या हातात टॅब. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण नर्सने कॉल तोडला नाही. भाची पडद्यासमोर उभी होती. लिहायला तिने कागद उचलला, आणि खाली ठेवला. मग आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. आणि पंजा स्वतःकडे ओढला. ये.

तिने ते डाव्या हाताने केलं. आईचा तोच एक हात चालत होता, आणि पोरीने पाहिलं ते तसं उचललं होतं. खुणा डाव्याच हाताने करायच्या असतात असं तिला वाटलं होतं.

घड्याळजी आयुष्यभर उजव्या हाताने बोलत आला होता. त्याने टॅब उजव्या हातात घेतला आणि डावा हात वर केला. न सवयीचा हात, धड वळेना. तरी त्याने तिला सांगितलं, येतोय.